रौप्य, सुवर्ण आणि मधलं लोखंड

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या कार्यक्रमात गच्चीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटायला अजून पाऊण तास लागेल असं मला सांगण्यात आलं आहे. तेवढा वेळ तुम्ही माझ्या ताब्यात आहात. घाबरू नका, बँकेच्या आठवणी सांगणार नाही. विषय धातूंचा आहे. आज धातूच का, असं सकाळी एकांनी जिन्यात विचारलं. मी म्हटलं, आपण साजरा करतोय तो महोत्सव कुठला? रौप्यमहोत्सव. रौप्य म्हणजे चांदी. आणखी पंचवीस वर्षांनी इथे जमणारी मंडळी साजरा करतील तो सुवर्णमहोत्सव. म्हणजे सोनं. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा धातू आहे. त्याच्या नावाने कोणी महोत्सव करत नाही, पण आत्ता आपण सगळे त्याच्याच भरवशावर बसलो आहोत. तो म्हणजे या स्लॅबमधलं लोखंड. त्याच्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल, कारण आधी बाकीच्या भावंडांची ओळख करून द्यायची आहे.

सुरुवात उत्सवमूर्तीपासून, म्हणजे चांदीपासून करू. सगळ्या धातूंमध्ये उष्णता आणि वीज सगळ्यांत चांगली वाहून नेणारा धातू चांदी. गरम दुधात चांदीचा चमचा ठेवून बघा, क्षणात त्याचं टोक हाताला चटका देतं. स्टीलचा चमचा तेवढ्याच दुधात बराच वेळ थंड राहतो. चांदीनंतर क्रमांक तांब्याचा, मग सोन्याचा, मग अ‍ॅल्युमिनियमचा. चांदी महाग म्हणून आपल्या भिंतीत तांब्याची वायर आहे, आणि तांबं जड म्हणून खांबांवरच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहतं, पण वजनाला तिसरा हिस्साही भरत नाही. त्यामुळे वजनामागे हिशेब केला तर तेच सरस ठरतं. मात्र या तारांना स्वतःचं वजन पेलवत नाही, म्हणून त्यांच्या पोटात पोलादी तार घातलेली असते. वीज वाहायची अ‍ॅल्युमिनियमने आणि भार सोसायचा पोलादाने, अशी वाटणी.

चांदी काळी पडते ती गंजून नव्हे. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. भगिनींसाठी एक उपाय सांगतो. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर चांदीची भांडी टेकवून ठेवा, खायचा सोडा टाकलेलं कडक पाणी ओता. काळेपणा उतरतो, कारण गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवर राहते. पावडरीने घासलं की मात्र दर वेळी थोडी चांदी नाल्यात जाते. खड्याच्या किंवा मुद्दाम काळपट ठेवलेल्या दागिन्यांना हा उपाय करू नका.

आता नाण्यांकडे वळू. आपल्या वडिलांच्या पिढीने परभणीत दोन रुपये पाहिले. एक निजामाचा, हाली सिक्का. दुसरा इंग्रजांचा, कलदार. कळ म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. त्या काळी व्यापारी रुपया हातात आला की तो दगडावर टाकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. आपल्या भाषेत ‘खणखणीत नाणं’ हा शब्द तिथून आला. यामागचं शास्त्र सोपं आहे. कठीण आणि लवचीक धातूला टोला दिला की तो बराच वेळ थरथरतो, म्हणून आवाज घुमतो. शिसं मऊ. ते टोला गिळून टाकतं. शिसं भरलेलं खोटं नाणं वरून कितीही चांदीसारखं दिसलं तरी आवाजात पकडलं जायचं. टोला मारून आवाज ऐकायचा, ही युक्ती लक्षात ठेवा. भाषणाच्या शेवटी ती आपल्याला लागणार आहे.

इंग्रजांच्या कलदारात १९४० पर्यंत बारा भागांत अकरा भाग चांदी होती. १९४० साली ती निम्म्यावर आली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आजची साधी नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावरच्या आकड्याच्या वर गेली की लोक नाणी वितळवायला लागतात, म्हणून सरकार धातू बदलत जातं.

बारा भागांत अकरा भाग. हेच प्रमाण चोविसात बावीस असं म्हटलं की ओळखीचं वाटेल. बावीस कॅरेट सोनं! हॉलमार्कवर दिसणारा ९१६ हा आकडा म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग बहुतेक तांबं आणि चांदी. आता कोणी म्हणेल, सराफ आम्हाला शुद्ध सोनंच का देत नाही? कारण शुद्ध सोनं फार मऊ असतं. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर लांब तार निघू शकते, ठोकून ठोकून जवळपास एक चौरस मीटर वर्ख होतो. इतकं मऊ सोनं हातात बांगडी म्हणून घातलं तर वर्षभरात वाकडंतिकडं होईल आणि झिजेल.

तांबं मिसळलं की सोनं कठीण का होतं? मोसंबीच्या ढिगाची कल्पना करा. सगळी मोसंबी एकसारखी असली तर ढकलल्यावर एक थर दुसऱ्यावरून सहज घसरतो. मध्ये मध्ये लिंबं अडकवली तर थर अडखळतात. धातूतले अणूही असेच थराथरांनी रचलेले असतात. तांब्याचे अणू सोन्याच्या अणूंपेक्षा लहान. ते मध्ये आले की थर घसरेनासे होतात. मिश्रधातू बहुतेक वेळा शुद्ध धातूपेक्षा कठीण असतो त्याचं हे कारण.

मिश्रधातू आईबापांची सरासरी नसतो हेही सांगायला हवं. तांबं मऊ आणि कथील त्याहून मऊ, पण साधारण चार भाग तांब्यात एक भाग कथील घातलं की होतं कांसं, कठीण आणि ठिसूळ. पितळेचा तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. कांशाची वाटी फरशीवर जोरात पडली तर तिचा तुकडा उडू शकतो. पण देवळातली घंटा आणि भजनातले टाळ कांशाचेच हवेत, कारण तसा नाद दुसऱ्या कशाला नाही. उन्हाळ्यात तळपाय घासायची आजीची काशाची वाटी तीच. कथील वितळतं २३२ अंशांना, शिसं ३२७ अंशांना, पण योग्य प्रमाणात एकत्र केले तर ते मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं. रेडिओ दुरुस्त करणारा ज्याने डाग देतो ते हेच. आपल्या परळीच्या रेल्वेने पुढे उदगीरवरून बीदर येतं. तिथलं बिदरी काम जस्ताचं असतं. जस्ताच्या सोळा भागांना तांब्याचा एक भाग धरतात. बीदरच्या किल्ल्यातली माती लावली की मिश्रधातू काळा कुळकुळीत होतो आणि त्यात जडवलेली चांदी मात्र तशीच लखलखीत राहते. एकच माती, पण दोन धातूंनी दिलेली उत्तरं वेगळी.

पुन्हा सोन्याकडे. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काही वर्षं बसल्यामुळे सोनं तपासताना मी खूप पाहिलं आहे. सराफ काळ्या दगडावर दागिना घासतो, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर आम्ल लावतो. नत्राम्लात तांबं आणि चांदी विरघळतं, सोनं टिकतं. रेघ जितकी फिकी पडेल तितका हिणकस. या दगडाचं नाव कसोटी. ‘कस लागणे’, ‘हिणकस’, ‘बावनकशी’ हे शब्द त्याच घरचे, आणि क्रिकेटच्या टेस्टला आपण कसोटी सामना म्हणतो तोही याच दगडामुळे.

दुसरी परीक्षा वजनाची, आर्किमिडीजची. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड असतं. बावीस कॅरेट साधारण १७.७ पट. पितळ जेमतेम साडेआठ पट. समजा वीस ग्रॅमची बांगडी दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलली. ती बावीस कॅरेटची असेल तर वजन सव्वा ग्रॅमपेक्षा कमीच घटेल, साधारण १.१३ ग्रॅम. पितळेची असेल तर २.३५ ग्रॅम घटेल. इतका ठळक फरक साध्या काट्यावरही कळतो. पण माणूसही बिलंदर आहे. टंगस्टन नावाचा धातू जवळपास सोन्याइतकाच जड असतो. सोन्याच्या वळ्यात टंगस्टन भरलं तर पाण्यातली परीक्षा फसते. मग सराफाकडचं एक्स-रे यंत्र वापरावं तर ते मुख्यतः पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. वरचा पत्रा जाड असेल तर आत काय आहे हे त्याला कळत नाही. शंका आलीच तर शेवटी दागिना कापूनच बघावा लागतो. म्हणून सोनं घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघा, पावती जपून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत.

मुलामा झिजून आतला धातू दिसला की आपण म्हणतो, पितळ उघडं पडलं. या म्हणण्यात एक अडचण आहे मंडळी. पितळ उघडं पडेपर्यंत थांबलं तर व्यवहार होऊन गेलेला असतो. तपासायचं असतं ते त्याच्या आधी, वरून सगळं छान दिसत असताना.

आता जरा स्वयंपाकघरात जाऊ. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, टोमॅटो ठेवत नाहीत, कारण आंबटाने तांबं सुटतं आणि ते पोटाला बाधतं. म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा मळ साफ होतो. मग कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसलं की आतून चांदीसारखं पांढरं. तांबं वितळतं १०८५ अंशांना आणि कथील २३२ ला, म्हणून भांड्याला धक्का न लावता वर कथील पसरता येतं. कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर विसरू नये ते याचमुळे. कथील वितळून त्याचे गोळे होतात.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने बारीक ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते केवळ नक्षीसाठी नसतं. ठोकल्याने तांबं कडक होतं. फार ठोकलं तर तडकतं. म्हणून कारागीर मध्येच भांडं लालबुंद तापवतो आणि तांबं पुन्हा मऊ होतं. मुलांनो, घरी तार घ्या आणि एकाच जागी पुढेमागे वाकवत राहा. आधी ती ताठ होईल, मग तुटेल. तांबट शाळेत न जाता जे शिकला तेच तुम्ही तारेवर शिकाल.

स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हई मागे पडली. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली क्रोमियम घातलेलं पोलाद बनवलं. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर बसतो आणि तो लोखंडाला राखतो. ओरखडा पडला तर थर आपोआप पुन्हा येतो. मात्र स्टेनलेस स्टील उष्णता वाहण्यात तांब्याच्या पंचवीस पट मागे. जिथे ज्योत तिथेच तापतं आणि दूध करपतं. म्हणून चांगल्या भांड्यांना तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तळ देतात. आज आपल्या आचाऱ्यांनी जाड बुडाचं पातेलं मागून घेतलं ते उगाच नाही.

कुकरचीही एक गोष्ट ऐका. झाकणावर शिट्टीच्या शेजारी एक बटणासारखा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या मध्यभागी लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. शिट्टी अडकली किंवा पाणी संपलं आणि कुकर जास्त तापला की तो ठिपका वितळतो, वाफ निघून जाते आणि घर वाचतं. स्वतः मरून दुसऱ्याला वाचवणारा असा धातू घरात दुसरा नाही. तो उडाला की त्याच कंपनीचा नवा आणा. तात्पुरतं म्हणून काहीतरी ठोकून बसवू नका.

आता परभणीच्या उन्हाकडे येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि थंडीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. जवळपास चाळीस अंशांचा फरक. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढतं. आकडा किरकोळ वाटतो, पण एक किलोमीटर रुळाचा हिशेब मांडा. चाळीस अंशांना ४८ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. म्हणून पूर्वी रुळांच्या सांध्यात फट सोडत आणि गाडी खडक-खडक वाजत जायची. आता रूळ जोडून लांबलचक केलेले असतात आणि खालच्या स्लीपरांना इतके घट्ट धरलेले असतात की त्यांना सहजी सरकता येत नाही. फार तापले तर रूळ वाकण्याचा धोका असतोच, म्हणून कडक उन्हात रेल्वेची माणसं रुळांवरून गस्त घालतात.

आता लोखंड. शुद्ध लोखंड बऱ्यापैकी मऊ असतं. त्यात थोडासा कोळसा, म्हणजे कार्बन, मिसळला की पोलाद होतं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद आपल्या दख्खनमध्ये मुशीत घालून बनवत. नांदेडच्या पुढे निजामाबाद लागतं. त्या जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावचं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारींमागे दख्खनचं असं पोलाद होतं. बांधकामाच्या सळईत कार्बन याहून फार कमी, पाव टक्क्याच्या आसपास ठेवतात, कारण घराला धार नको, लवचीकपणा हवा. भूकंपात सळई वाकली तर चालेल, काडकन तुटता कामा नये. जुन्या काळी पीळ दिलेली टॉर सळई वापरत. पुढे टीएमटी आली. ती गरम असतानाच पाण्याने झटकन थंड करतात, त्यामुळे साल कठीण आणि गाभा चिवट राहतो. आपल्या रेल्वेच्या मार्गावरचंच जालना अशा सळ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

आता काँक्रीटमध्ये लोखंड का घालतात? काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला अगदी कच्चं. ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. तो ताण सळई सोसते. फ्रान्समधला माळी जोसेफ मोनिए याने १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. आपल्या इमारतीचा पूर्वज ही कुंडी आहे. पण हा संसार टिकतो तो दोन गुण जुळल्यामुळे. पहिला गुण असा की काँक्रीट आणि पोलाद उन्हात जवळजवळ सारखंच वाढतात. सळई पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची असती तर ती दुप्पट वाढली असती आणि परभणीच्या दोन-चार उन्हाळ्यांत काँक्रीट फुटलं असतं. दुसरा गुण असा की ताजं काँक्रीट चुन्यासारखं तीव्र अल्कधर्मी असतं, आणि त्या वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. ती गंजत नाही.

हा दुसरा गुण कायमचा नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि काँक्रीटचा चुनेरीपणा बाहेरून आत हळूहळू संपत जातो. स्लॅबमध्ये सळईवर साधारण २० मिलिमीटर काँक्रीटचं पांघरूण असतं, खांबात ४० मिलिमीटर. बदल तिथपर्यंत पोहोचला, वर गळतीचं पाणी मिळालं, त्यात क्षार असले, की सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. भेग पडते, भेगेतून आणखी पाणी जातं, आणखी गंज चढतो. चक्रवाढ व्याजासारखं आहे हे, फक्त खातं आपल्या नावे.

आकड्यात सांगतो. १२ मिलिमीटरची, ४१५ ग्रेडची सळई सुमारे पावणेपाच टन ताण सोसते, त्यानंतर कायमची ताणली जाते. तीच सळई गंजून १० मिलिमीटरची झाली तर सव्वातीन टनांवर येते. जाडी कमी झाली सहावा हिस्सा आणि ताकद गेली तीस टक्के, कारण ताकद क्षेत्रफळावर असते. आणि हे सगळं प्लास्टर आणि रंगाच्या आत घडतं.

आता मी माझ्या मुद्द्यावर आलो. महोत्सवानिमित्त इमारतीला बाहेरून रंग द्यायचा आणि प्रवेशद्वारी कमान उभारायची असा विचार चालू आहे. मी त्याच्या विरोधात नाही, घर सजलेलं कोणाला आवडत नाही? पण आपण आपल्याच इमारतीकडे सराफाच्या नजरेने बघू. वरच्या मजल्यावरच्या काही बाथरूमखाली ओल आहे. टाकीखालच्या बीमला लांबट भेग आहे, आणि ती सळईच्या दिशेनेच गेली आहे. जिन्याच्या एका छज्जाखाली तांबूस डाग आहे. या खुणांवर रंग मारला तर तो पितळेवरचा मुलामा होईल. रंग ताजा असेपर्यंत आपल्यालाही बरं वाटेल आणि गंजालाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. आपली पंचवीस झाली आणि ते अजून झालेलं नाही. ऑडिटला आलेला इंजिनिअर काय करतो? पहिलं काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. लहान हातोडीने स्लॅबवर टकटक करून कान देतो. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत थर सुटला आहे. आपल्या व्यापाऱ्याची रुपया वाजवण्याची रीत! मग तो एका ठिकाणी काँक्रीट खरवडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतो. अजून चुनेरीपणा असेल तिथे रंग गुलाबी होतो, संपला असेल तिथे पांढराच राहतो. हळदीत चुना घातल्यावर कुंकवाचा रंग येतो ना, त्याच जातीतला हा प्रकार. अशी परीक्षा सुदैवाने सोन्यासारखी दागिना कापून करावी लागत नाही. छोटासा खड्डा, आणि तो लगेच बुजवता येतो.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो बँकेतल्या माणसाला विचारला जाणार हेही मी धरून चाललो आहे. उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चावर दर वर्षी पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. हे पैसे याच दिवसासाठी असतात. गंजाची सुरुवात असेल तर सळई घासून, संरक्षक लेप देऊन, तेवढाच भाग नव्याने भरून भागतं. सळई उघडी पडल्यावर तोच खर्च कित्येक पट होतो, आणि त्या वेळी घरं रिकामी करायची वेळही येऊ शकते. तोवर प्रत्येकाने आपल्या घरी एवढं करावं: बाथरूममधली गळती लपवू नये, बाल्कनीत मातीच्या कुंड्यांचं पाणी साचू देऊ नये, आणि खोली मोठी करायची म्हणून बीम-खांबाला छिन्नी लावण्याआधी सचिवांना विचारावं. खालच्या घराचं छत म्हणजे वरच्या घराची जमीन, हे काँक्रीट कधी विसरत नाही.

दिल्लीला कुतुबमिनारजवळ एक लोहस्तंभ आहे. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजलेला नाही, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे त्याच्यावर एक राखणदार थर बसला. आपल्या सळईत तो गुण नाही. तिची राखण आपल्यालाच करायची आहे.

म्हणून अध्यक्षमहोदय, येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी मी आत्ताच तोंडी ठराव मांडतो: आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग त्यात निघेल ती दुरुस्ती आणि मगच रंग. कमानीसाठी काही उरलं तर कमान. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदकासाठी मी मुलांकडे बघतोय, कारण सुवर्णमहोत्सवाला या गच्चीवर तीच बसणार आहेत. पण त्यांना अजून मताचा अधिकार नाही, तेव्हा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणीतरी हात वर करावा.

दूध आटलेलं दिसतंय.